पाठ करून उभं राहायचं

रविवार उजाडला की आधी मोठं पातेलं घासायला काढायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. रेणापूरच्या रस्त्याला आमचं शेत आहे, तिथं दर रविवारी घोडेवाले जमायचे. घोडेवाले म्हणजे टांगेवाले नव्हेत आणि वरातवाले तर मुळीच नव्हेत. पोटापाण्याला दुसरंच काही करणारी माणसं. आमच्या ह्यांचं लातुरात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. एक उदगीरचे आडते, दिवसभर तूर-हरभऱ्याच्या ढिगात बसणारे. एक किनवटकडच्या आश्रमशाळेचे गुरुजी, शनिवारीच निघून, नांदेडात मुक्काम करून, एसटी बदलत यायचे. आणखी चार-सहा जण होते, कुणी नांदेडचे, कुणी निलंग्याचे. सगळ्यांचं खूळ एकच. चाबूक न उगारता, तोंडात काटेरी लगाम न घालता घोडं आपलंसं करायचं. मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशातले व्हिडिओ बघून शिकायचे आणि मग आमच्या शेतात बसून, माझाच चहा पिऊन त्यावर वाद घालायचे.

गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय ओ, मालकांनी घोडीला शाळेत घातलंय म्हणे?"

मी म्हणायची, "हाव, पहिला नंबर आलाय तिचा. तुमच्या पोराचं काय झालं?" मग तोंडं गप व्हायची.

घरात मात्र मीच ह्यांना बोलायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला हाक मारायची तर "ऐकलं का," आणि घोडीला "ये गं बाई, ये." मी म्हणायची, एकदा मलाबी असं म्हणून बघा की, येते का नाही ते! हे नुसते हसायचे आणि घोडीच्या आयाळीतली कुसळं काढत बसायचे. खरं सांगायचं तर मला त्या घोडीचा हेवा वाटायचा. हसा, हसायचं तर.

घोडी माळेगावच्या बाजारातली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. आणली तेव्हा लगामानं तोंड कापलेलं होतं, आणि माणूस दिसला की कान मागं टाकून दात काढायची. दलालच म्हणाला होता, चावरी हाय, नका घेऊ. म्हणून ह्यांनी घेतली. असलाच स्वभाव. जळालेली मोटारसुद्धा कुणी भंगारात टाकायला निघालं की ह्यांना ती दुरुस्त करायची असायची.

शेतात बांबूचं गोल कुंपण केलं होतं, त्याला सगळे 'गोल' म्हणायचे. हे गोलात जाऊन मधोमध उभे राहायचे. घोडी कडेकडेनं पळत सुटायची. हे तिच्यामागं धावायचे नाहीत, दोरी टाकायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. मग कधीतरी तिचा एक कान ह्यांच्याकडं वळायचा. मान खाली यायची. तोंड चघळल्यासारखं हलायचं. ते दिसलं की हे पटकन तिच्याकडं पाठ करायचे आणि खांदे ढिले सोडून, हात खाली टाकून उभे राहायचे. वळून बघायचं नाही, हा मोठा नियम. बघितलं की संपलं. बाकीचे सगळे कुंपणाला टेकून श्वास धरून उभे, आडत्यांची तर तंबाखूसुद्धा गालात थांबलेली. आणि घोडी एकेक पाऊल टाकत यायची आणि ह्यांच्या खांद्यावर नाक ठेवायची.

"आपण गेलो की ती पळणार," हे नव्या माणसाला सांगायचे. "आपण थांबलो की ती येणार. तिच्या मनाला वेळ द्यायचा."

एकदा मीही आत जाऊन पाठ करून उभी राहिले. घोडी आपली कडबा खात राहिली. आडते म्हणाले, "वहिनी, तुमचा जीव पातेल्यात अडकलाय, तिला कळतंय ते." सगळे हसले. मीही हसले, पण वाईट वाटलं.

संक्रांत झाली आणि हे गेले. दुकानात मोटारीला तार गुंडाळता गुंडाळता मान खाली गेली, ती गेलीच. मातीला सगळे घोडेवाले आले होते, पण जवळ कुणी आलं नाही. लांब लिंबाच्या झाडाखाली घोळक्यानं उभे राहिले, माना खाली घालून. गुरुजी रडत होते, ते मला दिसलं. मग तसेच निघून गेले. मला वाटलं, आज गर्दी आहे, रविवारी येतील.

रविवारी मी शेतात गेले, पातेलं चढवलं. कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. ह्यांच्या फोनवर त्यांचा ग्रुप होता. आधी रांगेनं जोडलेले हात आले आणि मग सगळं सामसूम. ज्या ग्रुपवर खुराच्या नालावरून दिवसदिवस भांडणं व्हायची, तिथं साधं 'सुप्रभात' येईना. मी तो फोन रोज चार्ज करून उशाशी ठेवायची. आपणच लिहावं का काही, असं मनात यायचं. पण काय लिहू? 'या' म्हणून? ह्यांच्या दोस्तांना बोलावणारी मी कोण? त्यांना वाटलं तर येतील की. चहा पाजणारी तेवढी मी, आणि मालक गेला तसा चहाही संपला, असं एकदा डोक्यात शिरलं ते निघेना.

लई राग आला. पण रागाच्या बुडाशी काय होतं ते मला माहीत होतं. मला कुणाशी तरी ह्यांच्याबद्दल बोलायचं होतं. लेक पुण्याहून फोन करून विचारायची, "आई, जेवलीस का?" जेवले म्हणायची. दीर यायचे ते शेताचं बोलायचे, विहिरीचं बोलायचे. हे गोलात उभे राहिले की कसे दिसायचे, ते बघितलेली माणसं जगात तेवढीच होती, आणि ती येत नव्हती.

घोडीचं तर विचारू नका. गोलाच्या पार त्या टोकाला, रस्त्याकडं तोंड करून उभी. गडी वैरण टाकून लांब गेला की मगच तोंड लावायची. पाडव्याला गड्याचं साल संपलं, तो दुसरीकडं लागला. नवा मिळाला तो म्हणाला, "म्हशी सांभाळतो, घोडीचं आपल्याला जमायचं न्हाई." मग रोज मीच लातूरहून ऑटोनं जायची, हौद भरायची, पेंढ्या टाकायची. गुडघे कुरकुर करायला लागले. ती मला बघून नुसते कान हलवायची, जवळ यायची नाही.

दीर म्हणाले, "वहिनी, असं किती दिवस चालायचं? इकून टाकू."

"अहो भाऊजी, ह्यांचे दोस्त आहेत की. त्यांच्यातला कुणी नेईल. तिथं तिला मार तरी बसणार नाही."

"कुठायत दोस्त?"

एक रविवार तेवढा मागून घेतला. सकाळी पातेलं चढवलं. दुपारी त्यातलं गार झालेलं पाणी हौदात ओतलं आणि दिरांना फोन केला, बघा म्हटलं कुणी असेल तर.

लग्नसराई होती, त्यामुळं वरातीच्या घोड्यांचा एक जण लगेच आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. दोरी घेऊन गोलात शिरला. घोडी उधळली. तो मागं, ती पुढं, नुसती धूळ. मी गोलाच्या तोंडाशी आतल्या बाजूला उभी होते, ती निसटू नये म्हणून. शेवटी त्यानं कंबरेचा चाबूक काढला. मला बघवेना. मी पाठ केली, तोंडाला पदर लावला आणि रडू फुटलं. खांदे ढिले पडले असतील, कुणाला शुद्ध होती!

खुरांचा आवाज थांबला. मग मानेवर गरम श्वास आला आणि माझ्या खांद्यावर नाक टेकलं.

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याकडं आली. तिला वाटलं, मी बोलावतेय. मला बघवत नव्हतं म्हणून मी वळले होते हो, पण तिला ते कसं कळणार? पाठ केली म्हणजे 'ये', एवढंच तिला शिकवलेलं. तेवढ्यात वरातवाल्यानं दोरी टाकली. थांबा म्हणायला पाहिजे होतं. मी तोंडावरचा पदर काढलाच नाही. दीर टेम्पोचं फळकं उघडून उभेच होते.

पुढं महालक्ष्म्यांच्या आधी जावेबरोबर गंजगोलाईत सामान आणायला गेले होते. बांगड्यांच्या दुकानापुढं उभी होते, तर रस्त्याच्या पलीकडं उदगीरचे आडते. मला बघितलं, हात जोडले आणि तिथंच उभे राहिले. पुढं नाही की मागं नाही. मी बघतेय, ते बघतायत, मधून ऑटो चाललेत. माझं डोकं फिरलं. जावेच्या हातात पिशवी दिली आणि गेले रस्ता ओलांडून.

"का ओ, पाय मोडले का तुमचे?"

"न्हाई वहिनी..."

"मग एवढे महिने कुठं तोंड काळं केलं होतं सगळ्यांनी?"

ते गांगरले. "वहिनी, आमचं ठरलं होतं सगळ्यांचं. तुमच्यावर गर्दी करायची न्हाई. तुमच्या मनाला वेळ द्यायचा. तुम्ही बोलावलं की जायचं. दर रविवारी तयार असायलोत बघा आम्ही. गुरुजी तर नांदेडच्या स्टँडवर येऊन बसायलेत, बोलावणं आलं तर लवकर पोचावं म्हणून. सांजंपर्यंत बसायचे आणि परत जायचे."

क्षणभर मला कळेना हसावं का रडावं. मग असा काही आवाज लागला माझा की बांगडीवालाही बाहेर आला. "मी घोडी हाय का? अहो, सांगा की, मी घोडी हाय का? माणूस हाय मी! माणसाकडं चालत यायचं असतंय!"

आडत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिथंच भर बाजारात, त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या. पुसून म्हणाले, "बाई कशी हाय, आपली घोडी?"

"इकली."

ते दुकानाच्या पायरीवर खालीच बसले. मग म्हणाले, "गुरुजींनी शेड बांधलंय वहिनी तिच्यासाठी. पत्र्याचं, चांगलं मोठं. पण मालकांची आठवण हाय ती, आपण मागायची कशी, वहिनीच म्हणतील, म्हणून थांबलेत."

माझा राग तिथंच गळाला, आणि राग गेल्यावर हातात काहीच राहिलं नाही. मी इकडं पातेलं चढवून बसले, ते तिकडं स्टँडवर बसले, आणि घोडी गेली.

दिरांकडून नंबर घेऊन आडत्यांनी तिथूनच वरातवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ती होय? ती काय कामाची न्हाई. नवरदेव पाठीवर घेऊन बँडवाल्याच्या मागं जाऊन उभी राहायली, त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून. वाजवणारा घाबरून पळायला. जो पुढं दिसेल त्याच्या खांद्यावर तोंड! मारूनबी ऐकंना. दिली एका दलालाला."

वरातीत घोड्यापुढं चालणाऱ्या सगळ्यांच्याच पाठी असतात. तिला काय वाटलं असेल, ते मनात आलं की अजून मी हातातला घास खाली ठेवते. दलालाचा फोन लागला नाही. तो जनावरं माळेगावच्या जत्रेत उभी करतो एवढंच कळलं, म्हणून जत्रेची वाट बघितली.

जत्रेला आडत्यांच्या जीपमधून आम्ही तिघं गेलो, आडते, गुरुजी आणि मी. गुरुजींनी येताना तोंडाला बांधायची दोरीची मऊ मोरकी आणली होती, तिच्या मापाची. दिवसभर ओळीच्या ओळी पालथ्या घातल्या. तांबड्या पुष्कळ होत्या. पांढऱ्या ठिपक्याच्याही होत्या. एकदा गुरुजी पळत गेले आणि हळूहळू परत आले. दलाल त्या साली आलाच नव्हता, असं शेवटी एका चारावाल्याकडून कळलं.

ऊन उतरलं होतं. ते दोघं अजून एक ओळ बघून येतो म्हणून गेले. मी घोड्यांच्या ओळी संपतात तिथं एकटीच होते. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी बाजाराकडं पाठ करून उभी राहिले. दावणीला बांधलेली घोडी कशी येणार, एवढं मला कळतंय. पण घोडीचं मला दुसरं येतच काय होतं? खांदे ढिले सोडले. हात खाली टाकले. जाणाऱ्या बाया बघून हसल्या, हसू देत. मागं हलग्या, भोंगे, खिंकाळणं सगळं एकात एक. मी वळून बघितलं नाही. ये गं बाई, ये, असं मनात म्हणत राहिले.

मागं पावलं वाजली. पावलं चपलांची होती, तेही मला ऐकू आलं, तरी मी हलले नाही. ती माझ्या पाठीशी येऊन थांबली, थोडा वेळ तशीच. मग गुरुजी वळसा घालून माझ्या समोर आले. हातात कागदी कप होता.

"वहिनी," ते म्हणाले, "चहा गार व्हायलाय."

मी त्यांना बोलावलं नव्हतं. कप घेतला, एक घोट प्याले. साखर लई होती, ह्यांना आवडायची तशी. घोडी काही आली नाही.