डिस्क खराब नव्हत्या

माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेच्या लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर आहेत. एका कार्यालयाने मोडीत काढलेले, शाळेने अर्ज करून मागून आणलेले. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम लातूरकडच्या, इथे दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहतात. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नवीन पत्र. विकतचं सॉफ्टवेअर त्या जुन्या मशीनना पेलत नव्हतं आणि शाळेला परवडत नव्हतं. म्हणून मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत एकटीने बसून सगळ्या मशीनवर मुक्त सॉफ्टवेअर घातलं. हे ज्यांनी बनवलं त्यांनी सगळ्यांना मोफत दिलंय, आणि आपल्या सोयीने बदलायची मुभाही दिलीय, असं त्यांनी मुलांना सांगितलं.

मुलांनी ती मुभा लगेच घेतली. चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधले इंग्रजी शब्द काढून तिथे मराठी घालायचं ठरलं. दिल्लीत वाढलेली मुलं. माझी मुलगी ‘खोडणे’ म्हणत नव्हती, ‘मिटवणे’ म्हणायची. मग घरोघरी आजी-आजोबांना फोन सुरू झाले. फिकट, गडद, रेघ, ठिपका. केलेलं मागे घ्यायच्या बटणाला काय म्हणायचं, यात दोन दिवस गेले. शेवटी वर्ध्याहून माझी आई म्हणाली, “त्याला ‘होतं तसं कर’ म्हणा न.” ते वर्गात मंजूर झालं. असे दीडशेच्या आसपास शब्द जमले. ते थेट मशीनवरच टाइप केले होते, कागदावर काही नव्हतं.

हे सगळं मला घरी जेवताना कळत होतं. मी “अच्छा, छान” म्हणत होतो.

मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर आहे. शाळेच्या समितीवर पालकांच्या वतीने मी असतो. एका बैठकीत एक पालक म्हणाले, “यार, हे जुगाड कशाला? ऑफिसात जे चालतं ते शिकवा ना मुलांना.” दुसरे म्हणाले, “बिल्कुल. उद्या नोकरीत हसतील त्यांना.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कॉम्प्युटर कळणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती. खरं तर मला टिपणं टाइप करता येतात, तेवढंच. पण मी मान डोलावली आणि एक टिपण लिहिलं: लॅबमधले सॉफ्टवेअर प्रचलित नाही, ते बदलण्याचा विचार व्हावा.

आमच्या फाइलींची एक पद्धत आहे. ज्याच्या कामाविषयी टिपण लिहायचं, त्याला विचारायचं नसतं. फाइल वर जाते, बाजूला जात नाही. त्या सवयीने मी मॅडमना विचारलं नाही. शाळेत अशी काही पद्धत नव्हती, ती मी तिथे नेली.

टिपण मंजूर झालं, आणि एका शनिवारी ओळखीच्या टेक्निशियनला घेऊन मी लॅबमध्ये गेलो. त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये विकतच्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी होती. हे मला माहीत होतं. त्याने विचारलं, “सर, डेटा रखना है?” मी एक मशीन उघडून पाहिलं. घरं, पतंग, एक तीन पायांची गाय. मी म्हणालो, “बच्चों का है, कुछ खास नहीं. उड़ा दो.”

सोमवारी मुलगी घरी येऊन म्हणाली, “बाबा, आमचे सगळे शब्द गेले.” मी पेपर वाचत राहिलो.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, “जुन्या डिस्क होत्या, खराब झालेल्या. काही वाचलं नाही.” पुढच्या पालकसभेत मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी वेगळी कॉपी काढून ठेवायला हवी होती. माझी चूक आहे.” मी दुसऱ्या रांगेत चहा पीत होतो.

मार्चमध्ये त्यांच्या नव्या पत्राची फाइल माझ्याकडे आली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, “साहेब, दोन ओळी लिहा. मुलांचं काम सांभाळता आलं नाही, एवढं नमूद करा. पुढचं आम्ही बघतो.” त्या दोन ओळी मी टाइप केल्या होत्या, हे लपवत नाही. तीन दिवस तो कागद बॅगेत घेऊन ऑफिसला जात होतो. चौथ्या दिवशीच्या बैठकीत तो काढलाच नाही. म्हणालो, “डिस्क खराब नव्हत्या. पुसायला मी सांगितलं. आणि आता तिथे जे चालतंय ते चोरीचं आहे. तेही मीच आणलं.”

अध्यक्ष म्हणाले, “हे आधी सांगायचं ना!”

मॅडमना पत्र मिळालं. मी लॅबमध्ये जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, मी इतके महिने रोज विचार करत होते, माझं कुठे चुकलं.” मग म्हणाल्या, “मुलांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.”

मी वर्गासमोर उभा राहून सांगितलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “काका, आम्हाला का नाही विचारलं? त्या दिवशी आम्ही खाली ग्राउंडवरच होतो.” माझी मुलगी शेवटच्या मशीनपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

मॅडमनी मशीन पुन्हा पहिल्यासारखी केली. मला त्यांनी एक वही दिली. शब्द आधी वहीत, मग मशीनवर, असा आता नियम आहे. वही लिहायचं काम माझं. शनिवारी मी जातो. मुलीला बरेच शब्द आठवतात, ती ते मॅडमना सांगते, मॅडम मला सांगतात. राहिलेल्यांसाठी मागच्या शनिवारी मी लॅबमधूनच आईला फोन लावला.

“अरे, मागे सांगितले होते न पोरीला सगळे,” आई म्हणाली. “हरवले का तिच्याकडून?”

मुलगी दोन मशीन सोडून बसली होती.

“तिच्याकडून नाही, आई. मी पुसायला सांगितले.”

आई म्हणाली, “बरं. वही आहे का जवळ? लिही मग.”