दादांचा गोल आणि पोरांचा गोल

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची स्कूटर बंद झाली. तेव्हापासून रविवारी त्यांना फुटबॉलच्या मॅचला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी त्यांना मैदानावर सोडून नया बाज़ारात भाजी-किराणा करायला जायची. मग एकदा थांबले, आणि थांबतच गेले. हिवाळ्यातलं ऊन, सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्या, खाली धूळ उडवत पळणारी पोरं. घरी बसून तरी काय करणार होते?

बाबा स्वतः कधी खेळले नाहीत. लहानपणी त्यांची छाती कमजोर होती, आणि आजोबांनी पळायला मनाई केली होती. म्हणून ते बघायचे. लश्कर हा आमचा शहरातला भाग; तिथला हा आमचा क्लब त्यांनी शाळेत असल्यापासून बघितला. आणि त्या सगळ्या वर्षांतला एक गोल त्यांनी आम्हां भावंडांना इतक्या वेळा सांगितला होता, की तो मी पाहिलाच आहे असं मला वाटायचं. तो दादांचा गोल. दादा म्हणजे आमच्या क्लबचे सगळ्यांत मोठे खेळाडू. त्यांना सगळं लश्कर दादाच म्हणायचं. अर्ध्या मैदानातून एकट्यानं बॉल नेला, समोर येईल त्याला चकवलं, गोलकीपरला आडवा पाडला आणि बॉल आत. मी लहान असताना चकवलेले तिघं होते. माझं लग्न होईपर्यंत ते पाच झाले होते.

तो आडवा पडलेला गोलकीपर रविवारी बाबांच्या शेजारीच बसलेला असायचा. हे काका, तेव्हा समोरच्या किला गेटच्या टीमकडून खेळायचे. नोकरीत असताना दोघं एकाच खात्यात आले, जेवणाच्या सुट्टीत ओळख निघाली, आणि बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांना तो गोल ऐकवला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाँ भाई, मैं वहीं था." तिथून त्यांची दोस्ती.

गेल्या जानेवारीतल्या एका मॅचमध्ये आमच्या पोरांनी एक गोल केला. त्याबद्दल सांगायचंय.

आमच्या गोलकीपरनं बॉल लांब न मारता हातानं डावीकडे सरकवला. तिथल्या दोघांनी आपसात दिला-घेतला, मग मधल्याकडे, मधल्यानं न थांबवताच पार उजवीकडे. कोणी घाई केली नाही, कोणी जागचा थांबलाही नाही. उजवीकडच्यानं तो जमिनीलगत गोलसमोर आणला. आमचा एक उंच पोरगा जोरात धावत आला आणि बॉलला पाय न लावताच पुढे निघून गेला. त्याच्या मागून एक ठेंगणा आला आणि त्यानं पायाच्या आतल्या बाजूनं अलगद बॉल जाळीत ठेवला.

बाबा उभे राहिले होते. पायऱ्यांवरचे सगळेच उभे होते. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण काहीतरी छान घडलंय एवढं कळलं.

खाली बसता बसता बाबा म्हणाले, "चांगला होता. पण दादांच्या गोलाची गोष्ट वेगळी."

मागच्या रांगेतले लोक लगेच सुरू झाले. कोणी दादांच्या बाजूनं, कोणी पोरांच्या. शेवटी बाबा काकांकडे वळले. "इनसे पूछो. हे तर समोर होते. बोल यार, कौन सा बड़ा?"

काकांनी तोंडातली तीळ-गुळाची गजक संपवली. "आज वाला," ते म्हणाले.

"मज़ाक मत कर."

"मज़ाक नहीं. उस दिन मुझे पता था कि मारेगा कौन. बस रोक नहीं पाया. आज मैं होता, तो मुझे पता ही नहीं चलता कि मारेगा कौन."

 घरी येताना बाबा माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर एक शब्द बोलले नाहीत. जेवतानाही नाही. आईनं मला खुणेनं विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, गोलावरून झालंय. तिनं कपाळाला हात लावला.

तीन-चार दिवसांनी बाबा मला म्हणाले, "मला दादांकडे घेऊन चल. आणि त्यालाही बोलव."

दादा पाटणकर बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. गुडघे गेल्यापासून त्यांचं मैदानावर येणं सुटलं होतं. काका आधीच पोचून जिन्याखाली उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं: आता दादाच याला सांगतील.

दादा खिडकीशी बसले होते. एवढ्या मोठ्या गोष्टींतला माणूस अंगानं इतका किरकोळ असेल असं मला वाटलं नव्हतं. सूनबाईंनी चहा आणि शंकरपाळ्यांची बशी आणून ठेवली. बाबांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि लगेच मुद्द्यावर आले. "दादा, रविवारी आपल्या पोरांनी एक गोल केला. तुम्ही ऐका आणि मग सांगा."

सांगून जमेना, तेव्हा बाबांनी शंकरपाळे टेबलावर मांडले. हा डावीकडचा, हा मधला, हा उजवीकडचा. काका मध्येच एखादा शंकरपाळा सरकवायचे, "नहीं, वो और आगे था." बाबा तो परत मागे घ्यायचे. दादा पुढे वाकून बघत होते.

"आणि हा?" त्यांनी उंच पोराच्या शंकरपाळ्यावर बोट ठेवलं. "ह्यानं काय केलं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "बॉल त्याच्याजवळून गेला, त्यानं पाय लावलाच नाही."

"काहीच कसं नाही? तो कुणाला आपल्यामागे ओढून घेऊन गेला?"

 काका म्हणाले, "दो को. और उनके गोलकीपर को भी. मैं खुद उसी को देख रहा था."

दादा खुर्चीत मागे टेकले आणि हसले. मग काकांना म्हणाले, "और मेरे वाले में किसको देख रहा था?"

"आपको. और था ही कौन!"

"तेच," दादा म्हणाले. बाबांकडे वळून मराठीत बोलू लागले. "माझा गोल चांगलाच होता, मी खोटं कशाला बोलू? पण तो मला परत कधी जमला नाही. पुढच्या प्रत्येक मॅचला मी तेच करायला गेलो. बॉल मिळाला की निघालो एकटा. दर वेळेला तिसऱ्याशी अडकायचो. ही पोरं हा गोल परत करतील. पुढच्या वर्षी दुसरी पोरं असली तरी करतील."

बाबांनी उंच पोराचा शंकरपाळा उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"आठवतं मला," ते हळूच म्हणाले. "आम्हीच ओरडायचो ना. तुम्हाला बॉल मिळाला की सगळे म्हणायचो, दादा, एकट्यानं न्या."

"ऐकू यायचं," दादा म्हणाले. "चांगलं वाटायचं रे."

इतकी वर्षं मी तो गोल ऐकत आले, पण त्याच्यानंतरचं बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं त्यांनी ते लपवलं नाही. एवढं सुंदर काही बघितल्यावर पुढचं लक्षात ठेवावंसं त्यांना वाटलं नसेल. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. जिंकल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता.

निघताना काकाच म्हणाले, "दादा, इतवार को चलिए."

दादा गुडघ्यांकडे बघत नको नको म्हणाले, पण सूनबाई आतून म्हणाल्या, "जा ना, जिना मी उतरवून देते." आणि रविवारी दादा आले. काकांनी रिक्षा आणली होती. मैदानावर दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना पहिल्याच पायरीवर बसवलं. क्लबची काही जुनी माणसं येऊन त्यांच्या पाया पडली. खेळणाऱ्या पोरांपैकी कोणी त्यांना ओळखलं नाही.

मॅच कंटाळवाणी झाली. गोलच झाला नाही. पण दादांनी त्या उंच पोरावरची नजर हलवली नाही. बॉल कुठेही असो, ते त्याच्याकडेच बघायचे, आणि बाबांना कोपरानं ढोसून दाखवायचे, "हे बघ, आता निघाला. बघितलंस? कुणी बॉल दिला नाही, तरी निघाला." बाबा नव्या चष्म्यातून डोळे बारीक करून बघत होते. एकदा तर बॉल पार दुसऱ्या टोकाला होता आणि बाबा एकटेच जोरात "वा!" म्हणाले. मागच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

परतताना बाबा स्कूटीवर माझ्या कानाशी सारखे बोलत होते. पायरी फार खाली पडते, दादांना उठताना त्रास झाला, पुढच्या वेळी घडीची खुर्ची न्यायला हवी, ती काकांच्या घरी आहे, आपण किला गेटवरून जाऊ या आणि आजच सांगून ठेवू या. मला भूक लागली होती आणि ट्रॅफिक खूप होता. तरी मी गाडी तिकडे वळवली.