एवढी टीप होऊ दे

लहान मुलींचे फ्रॉक शिवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं, आणि कामं पुढे ढकलण्यातही नव्हतं. ढकललेली कामं दुकानातली नव्हेत हं! दुकानातलं काम सांगितलेल्या दिवशी तयार. चुन्या सारख्या, काजं घट्ट, उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ. एखादा धागा लोंबताना दिसला तर दारापर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाला परत बोलावून तो कापायची. ढकललं जायचं ते घरचं. स्वयंपाकघरातला गळका नळ, नवऱ्याच्या चष्म्याची मोडकी दांडी, तिची स्वतःची दाढ. सगळ्यांना तिचं एकच उत्तर असे, "एवढी टीप होऊ दे, मग बघते."

नवरा म्हणायचा, "आपल्या घराला आणखी एक खोली आहे, 'मग'ची. सगळं तिथे भरून ठेवलंय आणि किल्ली हिच्याकडे." ती हसायची आणि मशीनवरचा पाय काही उचलायची नाही.

तिला आळशी म्हणणाऱ्याने तिचा एक दिवस जगून दाखवावा. नवरा बेकरीची व्हॅन चालवायचा. उजाडायच्या आत बाहेर पडायचा आणि दुपारी येऊन मेल्यासारखा झोपायचा. मुलीचं आवरणं, डबा, बस, मग पुढच्या खोलीतलं दुकान उघडणं, मापं, कापणं, शिवणं, इस्त्री, मधेच मागच्या खोलीत जाऊन गॅस बंद करून येणं, हे सगळं तिचं. श्वास घ्यायला फुरसत नाही म्हणतात ना, तसलं आयुष्य. अशा माणसाला जे आज जळत नाही ते विझलेलंच वाटतं.

मुलगी एकच, चौथीतली. तिला सगळे 'बटण' म्हणायचे. रांगती असताना आईच्या डब्यातलं एक बटण तिने गिळलं होतं, तेव्हापासून हे नाव पडलं. ती गोष्ट बटण स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायची. "आणि मग ते दुसऱ्या दिवशी निघालं!" असं म्हणून टाळ्या पिटायची. आली कोणी बाई दुकानात की ही आपलं नाव, इयत्ता, वर्गातल्या बाईंचं नाव, कुत्र्याची भीती वाटते, वांगं आवडत नाही, सगळं न विचारता सांगून मोकळी. अशी चुरुचुरु बोलणारी पोर घरात असली की घर भरल्यासारखं वाटतं.

दुकानात फ्रॉक घालून दाखवायला लहान मुलाच्या मापाचा पुतळा आणायचा, हे ठरून कितीतरी वर्षं झाली होती. ते घोंगडं भिजतच पडलं होतं, कारण पुतळ्याचं काम बटण करायची. नवा फ्रॉक झाला की तिला घालायचा, दारात उभं करायचं, फोटो काढायचा आणि फोनवरच्या दुकानाच्या पानावर टाकायचा. खाली आई दोन ओळी लिहायची. 'आमच्या बटणला कुत्र्यांची भीती, पण या फ्रॉकवरचा कुत्रा चालतो!' किंवा, 'बसची वाट बघता बघता एक फोटो.' लोकांना ते फार आवडायचं. फ्रॉकपेक्षा या ओळींमुळेच गिऱ्हाईक वाढलं, असं तिला मनातून वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

धाकटी नणंद एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. ती एकदा आली आणि पान बघता बघता एकेक फोटो मोठा करून पाहू लागली.

"वहिनी, हे सगळ्या जगाला उघडं आहे. मागे घराचा नंबर दिसतोय. हा बघ शाळेचा बिल्ला. आणि बसची वाट कुठे बघतात तेही दिसतंय."

"अगं, बायकाच बघतात. मुलांच्या आया."

"कशावरून?"

वहिनीने सुईत दोरा ओवायला घेतला. नणंदेने पुढे आणखी एक गोष्ट शोधून काढली. बटणला खेळायला दिलेला आईचा जुना, काच तडकलेला फोन अजून दुकानाच्याच खात्यावर चालत होता. गिऱ्हाइकांचे निरोप दोन्ही फोनवर यायचे. "म्हणजे कोणीही हिच्याशी थेट बोलू शकतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, वहिनी. आत्ता देऊ का करून?"

"नको गं, तू दमून आलीयेस. रविवारी मी शांतपणे करते. फोटोही नीट निवडून काढायला हवेत."

आता खरं सांगायचं तर तिला जुन्या फोनवरचं ते खातं बंद करायची घाईच नव्हती. बटण त्या फोनवरून गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. 'फ्रॉक शनिवारी मिळेल', 'हो, अस्तर आहे'. आईच्या हातातली कात्री खाली ठेवायला लागायची नाही, आणि आपल्या फोनवरचे निरोप ती उघडूनही बघेनाशी झाली होती. किती हुशार आहे पोर, असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. रविवार आला, त्या दिवशी पाहुणे आले. पुढच्या रविवारी एका शाळेच्या संमेलनाची मोठी ऑर्डर आली, काही आठवडे पुरेल एवढी. सगळे फ्रॉक सारखे, निळे, प्रत्येकाला कमरेशी फुलं. त्यानंतरचे रविवार कुठे गेले ते तिलाही सांगता आलं नसतं. नणंदेचा फोन आला की ती म्हणायची, "करतेय, करतेय," आणि त्या क्षणी तिला खरंच वाटायचं की आपण ते करतो आहोत.

ऑर्डरीच्या त्या धांदलीत एका संध्याकाळी बटण मशीनपाशी येऊन उभी राहिली. हातात जुना फोन होता.

"आई, सरप्राइज असलं की कोणालाच सांगायचं नसतं ना?"

"हं."

"म्हणजे ज्याच्यासाठी आहे त्यालाही नाही?"

"नाहीच सांगायचं. मग सरप्राइज कसलं?"

"पण आई, मला तुला एक..."

"बटण, एवढी टीप होऊ दे गं. बघ, फुलं वाकडी होतायत."

पोरीने खाली पडलेली कतरण उचलून बोटाला गुंडाळली, सोडली. मग मागच्या खोलीत गेली. आईने फूल सरळ लावलं आणि पुढचा फ्रॉक घेतला. तेवढा पाय उचलला असता तर! पण हे 'तर' मागाहून सुचतं, आणि तेव्हा त्याचा काडीचा उपयोग नसतो.

दोन दिवसांनी बस आली आणि बटण उतरली नाही.

"ती तर चढलीच नाही," बसमधली बाई म्हणाली. "आई न्यायला येणार आहे म्हणाली. तुम्ही गेला नाहीत?"

तिने तडक घर गाठलं. शाळेत फोन लावला, कोणी उचलेना. नवऱ्याला हलवून उठवलं तर तो अर्धवट झोपेत "मैत्रिणीकडे असेल" म्हणाला आणि मग तिचा चेहरा बघून खाडकन उठून बसला. तेवढ्यात तिला बटणच्या उशाखालचा जुना फोन आठवला. शाळेत फोन न्यायला बंदी होती, म्हणून तो घरीच असायचा.

निरोप बघायला वेळ लागला नाही. फुलाचं चित्र लावलेली कोणी 'आजी' कितीतरी दिवस बटणशी बोलत होती. सुरुवात फ्रॉकपासूनच झाली होती. माझी नात तुझ्याएवढीच आहे, तिला पण कुत्र्यांची भीती वाटते. तू लहानपणी बटण गिळलं होतंस ना? मी तुझ्या आईची जुनी ओळखीची. मग शाळा कधी सुटते, बाजूचं गेट कुठल्या रस्त्याला आहे. आणि शेवटी, आईचा वाढदिवस येतोय, तिच्यासाठी गंमत आणलीये. बसने जाऊ नकोस, आई घ्यायला येणार आहे सांग. गाडी पाठवते. आईला कळू देऊ नकोस हं, सरप्राइज आहे!

ती धावत सुटली. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, पायात घरातल्या चपला. नवरा व्हॅनची किल्ली शोधत राहिला आणि ती मागे न बघता रस्त्याला लागली. वाटेत दिसणारं प्रत्येक निळं दप्तर, प्रत्येक वेणी तिला बटणची वाटत होती. देवा, हात-पाय तोड माझे, पण तिला ठेव, असलं काहीतरी ती मोठ्याने बोलत होती आणि येणारे-जाणारे वळून बघत होते.

बटण शाळेच्या बाजूच्या गेटपाशी पायरीवर बसली होती. शेजारी शाळेतल्या सफाईच्या मावशी, एक हात तिच्या खांद्यावर.

"मी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला आले," मावशी म्हणाल्या, "तर एक माणूस हिला गाडीत बसवत होता. दार उघडं, हिचा एक पाय आत. मी आपलं विचारलं, कोण हो तुम्ही? तर काही न बोलता दार लावून निघून गेला. गाडीचा नंबर नाही हो बघितला. मला कुठे सुचलं!"

कचऱ्याचे डबे त्या वेळी बाहेर ठेवायचे असतात म्हणून ठेवले गेले. मावशींनी 'मग ठेवते' म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्या दिवसापासून तिच्या डोक्यातून कधीच गेला नाही.

तिने मुलीला इतकं घट्ट धरलं की बटण कळवळली. रडत मात्र नव्हती. तिचा चेहरा कोरा होता.

"कोणाच्याही गाडीत बसायचं नाही, सांगितलं होतं ना तुला? किती वेळा सांगितलं होतं!"

"पण ते कोणीही नव्हते ना," बटण हळूच म्हणाली. "त्यांना आपलं सगळं माहीत होतं. मला वाटलं, तूच सांगितलं असशील."

पोलीस ठाण्यातली बाई समजूतदार होती. बटणला बिस्किटं दिली, शेजारी बसवून घेतलं, घाई केली नाही. मग आईला आतल्या टेबलाशी नेलं आणि पान उघडून एकेक फोटो सरकवत विचारत गेली. कुत्र्याचं कुठे लिहिलंय? इथे. बटण गिळल्याचं? इथे. तुमचा वाढदिवस? तोही होता, केकवर मेणबत्ती लावून, बटण फुंकर मारतेय असा.

"खातं कोणी फोडलेलं नाही," ती बाई म्हणाली. "हे सगळं तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

'आजी'चं खातं त्याच दिवशी नाहीसं झालं. माणूस सापडला नाही. सापडेल असं ठाण्यातली बाई प्रत्येक वेळी म्हणायची, पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली. नवऱ्याने बायकोला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त ती 'मग'च्या खोलीची थट्टा त्याच्या तोंडून पुन्हा कधी आली नाही, आणि तिला वाटायचं, याने एकदा भांडावं तरी.

त्या दिवशी ठाण्यातून घरी आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर ते काम. फोटो पुसले, पान बंद केलं, जुना फोन त्या खात्यातून काढला. नणंद फोनवर एकेक सांगत होती. सुरू करताना इस्त्री लावली होती, ती पुरती तापायच्या आत सगळं होऊन गेलं. एवढंच होतं? एवढंच. ती इस्त्रीकडे बघत बसली, आणि मग तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली, कारण मागच्या खोलीत बटण होती.

पुतळाही आला. पांढरा, बिनचेहऱ्याचा, बटणच्या मापाचा. आता फ्रॉक तो घालतो. गिऱ्हाईक कमी झालं, पण संसार चालतो. नळ गळत नाही. चष्म्याला नवी दांडी आहे. दाढही काढून झाली. घरातलं एकही काम आता उद्यावर जात नाही, आणि याचं कौतुक करायला कोणी नाही, तिलाही नको आहे.

परवा एक म्हातारी गिऱ्हाईक बाई, अगदी सालस, गेली कित्येक वर्षं येणारी, बटणला म्हणाली, "काय गं, कितवीत गेलीस?" बटणने आईकडे बघितलं. सांगू का, असं विचारणारी ती नजर होती. आईने मान डोलावली तरी पोर काही बोलली नाही, आत निघून गेली. म्हातारी म्हणाली, "मोठी झाली हो, लाजायला लागली." आईने हो म्हटलं.

संध्याकाळी मशीन चालू असताना कधी कधी आतल्या दारात सावली हलते. तिच्या आताशा ते लगेच लक्षात येतं. टीप अर्धी असो, कापड सुईखाली अडकलेलं असो, ती पाय उचलते. चाक थांबतं. ती खुर्ची सरळ दाराकडे वळवते, हातातलं सगळं खाली ठेवते.

"बोल ना, बटण. काय सांगत होतीस?"

बटण चौकटीला टेकून उभी असते. आईकडे बघते, थांबलेल्या मशीनकडे बघते. तोंड उघडल्यासारखं करते. त्या क्षणी आईचा जीव नुसता कानात येऊन बसतो.

"काही नाही," ती म्हणते. "तुझी टीप होऊ दे. मग सांगते."

आणि आत निघून जाते.