जिऱ्यासारखे तारे

घोडपदेवच्या चाळीत संघमित्राने आणि तिच्या वडिलांनी, रामजीआबांनी, दुर्बिणीचा आरसा घरीच घासून तयार केला होता. सहा इंची काच. संघमित्रा परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढते, त्यामुळे घासण्याचं बरंचसं काम आबांकडेच आलं. गिरणी बंद पडेपर्यंत ते कापड तपासायच्या खात्यात होते. आठ महिने गॅलरीतल्या पिंपावर काच ठेवून ते रोज घासत राहिले. आपल्या आरशातून कृत्तिकांचा एक फोटो निघावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण तारे गोल येईनात. प्रत्येक फोटोत जिऱ्यासारखे लांबट. डिसेंबरभर ती गच्चीवर दोष शोधत राहिली. आधी वाटलं, तारे सरकतात आणि दुर्बीण त्यांच्यामागे नीट फिरत नाही. म्हणून क्षणभराचे फोटो काढले, तरी तेच. आरशांची जुळणी पुन्हा केली, काच धरणारे चाप सैल केले. काही फरक नाही. शेवटी तिने आरसाच पाव फेरा फिरवून बसवला. तशी सगळी जिरीही पाव फेरा वळली. दोष काचेतच होता.

असा दोष कसा येतो ते तिला ठाऊक होतं. घासताना पिंपाभोवती सतत फिरायचं असतं, तरच काच सगळीकडून सारखी झिजते. घरी येऊन तिने आबांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गुडघा वळत नव्हता गं," ते म्हणाले. "स्टुलावर बसूनच घासायचो. सांगितलं असतं तर तू करू दिलं नसतंस."

गच्चीवर वारा फार, त्यानेच फोटो हलतात, असं ती म्हणाली. आबांनी तिचा फोन मागून घेतला. फोटो मोठा करून या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिला, पूर्वी ताग्यातली खोट शोधायचे तसा.

"सगळे एकाच बाजूला ओढलेत," म्हणाले, आणि फोन परत दिला.

नवी काच आणू, दोघं मिळून घासू, असं तिने कितीदा तरी म्हटलं. पण आबांनी पुन्हा दुर्बिणीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी ती गच्चीवर निघाली की चादर ओढून पडायचे. मार्चमध्ये ते गेले.

आरसा सुधारायचा तर पहिल्यापासून घासायला हवा, म्हणजे आबांचे आठ महिने पुसले जाणार. संघमित्राने दोनदा काच घासायची कुरुंदाची पूड भिजवली आणि दोनदा मोरीत ओतून दिली. आता ती गच्चीवर जातच नाही.