नारळ मी फोडला होता

ते प्रकरण अजूनही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता आठवतही नाही. हे तर साधं फसवणुकीचं प्रकरण. रक्ताचा थेंब नाही, आणि कागदोपत्री तपास चोख. वरिष्ठांनी माझी पाठही थोपटली होती. तरी त्याची आठवण निघाली की मला स्वतःची लाज वाटते. ती का वाटते, हे एकदा लिहून मोकळं व्हायचं ठरवलं आहे. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

नव्वदीची पहिली वर्षं होती. मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. अंबरनाथच्या एकेका कंपनीला टाळं लागत होतं आणि त्याच सुमारास बदलापूरच्या पुढे जमिनींना भाव चढत होता. त्यामुळे जो उठेल तो एजंट झाला होता. पानवाला एजंट, रिक्षावाला एजंट, कालपर्यंत लेथवर उभा असलेला माणूसही काखेत रेक्झिनची बॅग मारून गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवत हिंडायचा. नवखा एजंट मला लांबूनच ओळखू यायचा. मुरलेला माणूस गिऱ्हाइकाला बोलू देतो आणि नवखा स्वतःच बडबडत सुटतो, कारण गिऱ्हाईक एखादा प्रश्न विचारील याचीच त्याला भीती असते.

श्रावणातल्या एका सकाळी विठ्ठलवाडीच्या एक नर्सबाई ठाण्यात आल्या. सोबत नवरा होता. त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती आणि हातात पूजेची पिशवी होती.

"साहेब, आम्ही प्लॉटची पूजा करायला गेलो होतो," बाई सांगू लागल्या. "उन्हाळ्यात दाखवला तेव्हा चुन्याच्या रेघा होत्या, नंबराचे दगड होते. आता जाऊन बघतो तर सगळीकडे भात लावलेला. शेतातला म्हातारा आमच्याच अंगावर आला. म्हणाला, माझ्या शेतात कशाला घुसता?"

नवऱ्याने खिशातून पावती काढली. पावतीवर प्लॉट पाडून विकणाऱ्या एका शेठच्या फर्मचं नाव छापलेलं होतं, सही मात्र एजंटाची.

उठताना बाई म्हणाल्या, "दुसरीकडे कुठे गेले नाही साहेब, तुमच्याकडेच आले." मला बरं वाटलं. आपल्या कामाचा लौकिक आहे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली.

फिर्याद नोंदवली. आठवडाभरात तशाच पावत्या घेऊन आणखी माणसं आली. सगळ्या पावत्यांवर एकच सही. सही करणारा बुवापाड्यात राहायचा. बंद पडलेल्या कंपनीतला फिटर, वय पंचेचाळीसच्या पुढे. त्याला इथे फिटरच म्हणतो.

त्याला आणायला मी स्वतः गेलो. जीप त्याच्या दारापर्यंत जात होती, तरी मी ती नाक्यावर उभी करायला लावली. चार लोकांनी बघावं, बाकीच्या एजंटांना जरब बसावी, असा माझा हिशेब. तो बनियनवर भाकरी खात बसला होता. शर्ट घालू दिला, हाताला दोरी लावली आणि गल्लीतून चालवत नेला. हवालदाराने घरातून त्याची प्लास्टिकची फाईल उचलली. पंचनाम्यात लिहिलं, 'फाईल एक, आत नकाशे व पत्रके.' आत काय काय आहे ते मी उघडून पाहिलं नाही.

गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. एकही माणूस ओरडला नाही, एकानेही शिवी दिली नाही. मला ते विचित्र वाटलं. नंतर कळलं की त्यातल्या पाच घरांनी त्याच्याकडूनच प्लॉट घेतले होते. एक शेजारी, एक साडू, तिघे कंपनीतले सोबती. जागा विकायला नव्याने निघालेला माणूस पहिल्यांदा आपल्याच माणसांकडे जातो. तिथे चहा मिळतो, कुणी कागद मागत नाही, आणि पहिला सौदा झाला की वाटतं, आपल्याला धंदा जमला. पुढे तो धंदा बुडाला की राहायला गल्लीच उरत नाही.

रिमांड घेतला आणि चौकशी सुरू केली. मी पहिल्या दिवसापासून त्याला चोर धरून चाललो होतो.

"सातबारा बघितला होतास?"

"बघितला ना साहेब. झेरॉक्स होती. शेठने दिलेली."

"मूळ उतारा?"

"तो तलाठ्याकडे असतो ना. शेठ बोलले, कशाला हेलपाटे मारता?"

"पावतीवर तुझी सही कशी?"

"शेठ बोलले, गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचं आहे, तुमची सही बघून त्यांना भरोसा वाटेल. मलापण बरं वाटलं साहेब. कंपनीत बावीस वर्षं फक्त हजेरीच्या कार्डावर सही केली. कोणी माझी सही मागतंय म्हटल्यावर..."

"आणि कमिशन किती खाल्लंस?"

"हातात नाय घेतलं. त्यातच मी एक प्लॉट घेतला. कोपऱ्याचा."

हे ऐकून मी हसलो. असले बहाणे रोज ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच बोलला तेव्हा मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने हात वर केला नाही, नुसता चष्मा सरळ केला. फार वर्षं झाली, पण तो चष्मा सरळ करणं मला अजून दिसतं.

मग मी विचारलं, "एवढ्या दिवसांत तुला एकदाही शंका आली नाही?"

"आली होती एकदा. शेतातला ठाकूर म्हातारा भेटला, बोलला जमीन माझी हाय. मी लगेच शेठकडे गेलो. त्यांनी मला फोटो दाखवला. मग शंका गेली."

"कसला फोटो?"

मी टेबलावर हात आपटला. तो खाली बघत म्हणाला, "तुमचा साहेब. फाईलमधे आहे."

कपाटातून फाईल काढली. नकाशाच्या मागे, स्वच्छ प्लास्टिकमध्ये, रंगीत फोटो. मी गणवेशात, कपाळाला गंध, हातात नारळ. बाजूला शेठ हार घेऊन उभा. मागे चुन्याच्या रेघा आणि मांडव.

मला सगळं आठवलं. आदल्या हिवाळ्यात शेठ ठाण्यात आला होता. ठाण्याला पाण्याचा कूलर दिलेला माणूस. 'साहेब, भूमिपूजन आहे, तुमच्या हाताने नारळ फुटला तर बरं होईल.' आमच्या पट्ट्यात ही रीतच होती. दुकान उघडो, इमारतीचा पाया पडो, फौजदाराला बोलवायचं. आम्हीही जायचो, शाल घ्यायचो, पेढे खायचो. जमीन कुणाची, हे विचारायचं त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही. मी फिटरला मूळ उतारा का पाहिला नाहीस म्हणून मारत होतो, आणि मी तर झेरॉक्सही पाहिली नव्हती.

"हा फोटो कितीजणांना दाखवलास?"

"सगळ्यांना. पहिला हाच दाखवायचो. लोकं पुढे काय विचारायचीच नाय. म्हणायची, साहेब स्वतः आले होते, मग काय टेन्शन."

नर्सबाई माझ्याकडेच का आल्या, ते तेव्हा कळलं. हवालदार बाजूला उभा होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

त्यानंतर तपास भराभर झाला. रागाने मी दिवसरात्र एक केली, आणि तो राग शेठवर होता की स्वतःवर, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. तलाठ्याकडून मूळ उतारा काढला. जमीन त्या ठाकूर म्हाताऱ्याची, म्हणजे आदिवासी खातेदाराची होती आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, असं उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं. झेरॉक्स काढताना शेठने त्या मजकुरावर कोरी चिठ्ठी ठेवली होती. प्रतीत त्या चिठ्ठीची कड पुसटशी उमटली होती. तेवढ्या महिन्यांत ती प्रत पन्नास माणसांच्या हातातून गेली असेल, पण कड कुणाला दिसली नाही.

मग शेतावर गेलो. म्हातारा बांधावर बसला होता.

"मांडव घालाया जागा दी बोलले," तो म्हणाला. "पीक निघालं व्हतं, मोकळीच व्हती, दिली. मंग चुना मारला. मी इचारला तं बोलले, पूजा हाय. म्हणून तुमच्या ठान्यात आलो व्हतो सायब, शिमग्याच्या आधी."

"माझ्याकडे?"

"तुमीच व्हता. तुमीच बोलला, तलाठ्याकं जा, ह्ये आमचा काम नाय."

मला ते आठवत नव्हतं. हवालदाराला आठवत होतं. त्याने मान हलवली.

शेठला उल्हासनगरच्या त्याच्या ऑफिसातून उचललं. शेठ म्हटलं की लोक उगाच परक्यांकडे बोट दाखवतात. हा आमच्याच तालुक्यातला, माझ्याच भाषेत बोलणारा, फक्त धंद्यापुरता हिंदीत शिरणारा. जीपमध्ये बसताना तो हळूच म्हणाला, "साहेब, आपको जो करना है करो. पण फोटोत आपण दोघं आहोत, एवढं लक्षात ठेवा."

मी ते चांगलंच लक्षात ठेवलं.

तो फोटो केसच्या कागदांत लावला असता, तर फिटर स्वतःच फसला होता हे उघड झालं असतं. त्याला आरोपीऐवजी साक्षीदार करता आलं असतं. पण फोटो लागला की पहिला प्रश्न मला विचारला जाणार होता. माझी बढती तोंडावर होती. पंचनाम्यात फोटोचा उल्लेख नव्हता. गिऱ्हाइकांनी जबाबात फोटो सांगितला, तो मी लिहिला नाही. जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते, लिहिणारे आम्हीच. मी फोटो शर्टाच्या आत घालून घरी नेला आणि सकाळी पाणी तापवायच्या बंबात घातला. दोषारोपपत्रात शेठ आरोपी नंबर एक, फिटर नंबर दोन.

खटला वर्षानुवर्षं चालला. शेठ जामिनावर सुटला. त्याने बऱ्याच फिर्यादींशी बाहेर मिटवून घेतलं, ते साक्षीला आलेच नाहीत. जे दोघे-तिघे आले, त्यांना फोटोबद्दल कुणी विचारलं नाही. फिटरला सरकारकडून मिळालेला वकील होता, तरुण आणि घाईतला. उलटतपासणीत त्याने मला एकच कामाचा प्रश्न विचारला, "आरोपीच्या फाईलमध्ये तुमचा गणवेशातला फोटो होता, आणि तो तुम्ही मुद्दाम दाखल केला नाही, हे खरं आहे का?"

"असं म्हणणं खोटं आहे," मी म्हणालो. पोलिसांना हे वाक्य पाठ असतं, अडखळायला होत नाही. फिटर आरोपीच्या जागेतून माझ्याकडे बघत होता. मी कोर्टाच्या घड्याळाकडे बघत होतो.

शेवटी शेठबरोबर फिटरही सुटला, पण संशयाचा फायदा देऊन. बुवापाड्यातल्या लोकांनी त्यातला संशय तेवढा ऐकला. साडूचं येणं-जाणं आधीच तुटलं होतं. फिटरच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न केसच्या दुसऱ्या वर्षी मोडलं होतं. हे मला हवालदाराने सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी दुसऱ्या कामासाठी कोर्टात गेलो होतो. फिटर व्हरांड्यात भेटला. केस पांढरे झालेले. त्याने नमस्कार केला आणि जरा बाजूला घेतलं.

"साहेब, रागावू नका, एक विचारायचं होतं. त्या फाईलमधे तुमचा फोटो होता ना? बायको म्हणते होता. वकील म्हणतो, तुला भास झाला असेल. इतकी वर्षं झाली, आता माझं मलाच कळत नाय."

त्याची केस संपली होती. खरं बोललो असतो तर त्याच्या हातात काही मोठं पडणार नव्हतं, फक्त त्याचा स्वतःवरचा विश्वास त्याला परत मिळाला असता. तेवढंच तो मागत होता.

मी म्हणालो, "नव्हता."

"मग मीच चुकलो असेन," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. पुढे त्याने खोली विकली आणि कुटुंब घेऊन कोकणात गावाकडे गेला, असं कळलं.

आता ओळखीतली मुलंमुली फ्लॅट आणि प्लॉट विकायच्या कामाला लागतात आणि पोलीसकाका म्हणून सल्ला विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, जमीन भर पावसात जाऊन बघा, आणि तिथे कोण राबतंय त्याच्याशी आधी बोला. मूळ उतारा स्वतः काढा. मालकाच्या वतीने स्वतःची सही करू नका. आपल्या माणसांना सगळ्यात शेवटी विका. आणि एखाद्या बड्या माणसाचा फोटो कुणी दाखवला, तर त्या बड्या माणसाने काय तपासलं होतं, हे विचारा. मुलं माना हलवतात, काहीजण मोबाईलमध्ये टिपून घेतात. हे सगळं फिटरला कुणीतरी सांगायला हवं होतं. ज्यांनी सांगायचं, ते शाल घेऊन पेढे खात होते.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी आजवर बरंच काही सांगत आलो. खरं एवढंच आहे की माझी कातडी वाचवायला मी एका माणसाला त्याच्याच आठवणीबद्दल संशयात ढकललं. फिटर पुस्तकं वाचणाऱ्यांपैकी नव्हते, पण त्यांच्या घरातलं कुणी वाचत असेल, तर हे त्यांना वाचून दाखवावं.

तुम्हाला भास झाला नव्हता. फोटो होता. तो मी काढून घेतला.