नजाकतीचे मार्क

मला स्केटिंगचा राग नाही. राग आहे तो 'नजाकत' या शब्दाचा. आज पन्नाशीतही तो कानावर आला की डोकं सणकतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वडील अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीच्या ऑफिसर कॉलनीत सिमेंटचं गुळगुळीत रिंगण होतं, तिथे कामगारांच्या मुलांना रविवारी सकाळी आत सोडायचे. मी बदलापूर गावातून जायचे. उल्हासनगरच्या एक सिंधी मॅडम तिथे आम्हा मुलींना चाकांच्या स्केट्सवर गिरक्या आणि उड्या शिकवायच्या. बर्फावरचं फिगर स्केटिंग टीव्हीवर पाहिलेलं. हे तेच, फक्त सिमेंटवर.

मी आठवीत असताना उल्हासनगरात स्पर्धा ठरली. मार्क दोन प्रकारचे, एक तंत्राचे, दुसरे कलेचे. संगीत आपलं आपण निवडायचं. मी काकांच्या पथकाचा ताशा कॅसेटवर भरून घेतला. जयंतीच्या मिरवणुकीत तो वाजायला लागला की माझे पाय ऐकायचेच नाहीत. मॅडमनी कॅसेट ऐकली. "बढिया! यावर तू उडशील बघ."

आणि उडालेच मी. एकही चूक नाही. ताशाच्या शेवटच्या ठोक्यावर गिरकी जागच्या जागी थांबवली, तेव्हा मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. माझ्यानंतर कॉलनीतल्या एका ऑफिसरची मुलगी आली, पियानोवर. उडी घेताना ती पडली, उठली, गोड हसली, हात लांबवून पुढे सरकली. ती पहिली आली. मी चौथी. तंत्रात मी सगळ्यांच्या वर होते आणि कलेत तळाला.

मॅडम तडक परीक्षकांच्या टेबलापाशी गेल्या, मागोमाग आई आणि मी. मुख्य परीक्षक बाई मुंबईहून आलेल्या, बोलायला सभ्य.

"मुलगी तयार आहे हो," त्या म्हणाल्या, "पण नजाकत कमी पडली. जरा रांगडं वाटलं."

"कहाँ कम पडली?" मॅडमनी विचारलं. "हातात? मानेत? दाखवा ना."

"असं बोट ठेवून नाही सांगता येत. ते जाणवतं."

आई पुढे झाली. "बाई, ती पोर पडली ते नाही जाणवलं?"

"पडल्याचे मार्क तंत्रातून कापलेत."

"आणि माझ्या पोरीचे कशातून कापले? ताशातून?"

बाई कागद आवरू लागल्या. शेजारचे परीक्षक मात्र हळूच म्हणाले, "मी तिला कलेत सर्वांत जास्त दिले होते." ते ऐकून मी आणखीच पेटले. तेच रिंगण, तीच मी. मग एकाला दिसलं ते दुसरीला का दिसू नये?

पुढच्या वर्षी मी हट्टाने पियानो घेतला. टीव्हीवरच्या मुलींसारखी कलती मान, लांब बोटं, ओठांवर हसू, सगळं आरशासमोर घोटलं.

"ये तू नहीं है," मॅडम म्हणाल्या.

"माहितीये," मी म्हटलं.

स्पर्धेत एक गिरकी अर्धवट सुटली, एका उडीनंतर तोल गेला. तरी मी पहिली आले. त्याच बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बघ, आता आली की नाही नजाकत!"

"बाई, मला आज आतून काहीच वाटत नव्हतं," मी म्हटलं. "मी नुसते हात लांब केले."

त्या हसल्या. त्यांना तो विनय वाटला असावा.

चौथी आले तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. पहिली आले तेव्हा रडूही येईना, नुसता संताप. बाई लबाड असत्या तर भांडून मोकळी झाले असते. पण त्या लबाड नव्हत्या. ताशावरच्या माझ्यात त्यांना खरंच काही सुंदर दिसलं नव्हतं, आणि ते दिसायला लावणारा कुठलाही नियम जगात नव्हता.

त्यानंतर मी स्पर्धांना गेले नाही. रविवारी रिंगणावर मात्र दहावीपर्यंत जात राहिले, ताशाची कॅसेट घेऊन. मॅडम स्पर्धेचं पुन्हा पुन्हा विचारायच्या, मी नाही म्हणायचे.

शेवटी एकदा त्या वैतागल्या. "खुद को क्यों सजा देती है?"

"सजा कसली, मॅडम? मला बघायचं असेल तर परीक्षकांना इथे यायला सांगा."