माझ्या सासऱ्यांचं आयर्लंड

जगात जे काही वाईट व्हायचं असतं त्याची वर्दी सगळ्यात आधी माझ्या सासऱ्यांना मिळते, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. वेधशाळेला नंतर कळतं, वर्तमानपत्रांना त्याच्याही नंतर. खुटबावच्या घराच्या ओसरीवर बसून ते आकाशाकडे बघतात तेव्हा ढग असतील तर गारा पडणार असतात आणि ढग नसतील तर विहीर आटणार असते. विहिरीवर नवी मोटर बसवली की ती कधी जळते याची वाट बघत ते तिच्याशेजारी उभे राहतात. माझ्या लग्नात मांडवाच्या एका खांबाला हात लावून ते सगळा वेळ उभे होते. मला वाटलं, मुलगी सासरी निघाली म्हणून माणूस गलबलला आहे. जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमी जरा तिकडच्या अंगाला सरका. ह्यो खांब काय खरा न्हाई." खांबाला काही झालं नाही. पण काही झालं नाही हा त्यांच्या दृष्टीनं पुरावा नसतो. झालं नाही म्हणजे अजून व्हायचं आहे.

मी त्यांना मामा म्हणतो. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. मामांच्या वाट्याला थोडी बागायत आली, साखर कारखान्यात वजनकाट्यावरची नोकरी आली, पण लांडग्याची धास्ती तेवढी वडिलांकडून जशीच्या तशी आली. उसाची गाडी काट्यावर चढली की ती उलटेल म्हणून ते आधी बैल आणि मग गाडीवान यांच्याकडे हताशपणे बघायचे. गाडीवान त्यांना घाबरायचे. मामींना मात्र या सगळ्याचं काही वाटायचं नाही. त्या वडगाव रासाईच्या, भीमेच्या काठी वाढलेल्या. मामा म्हणायचे, "यंदा काय खरं न्हाई," आणि मामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "बरं. जेवून घ्या मग." बत्तीस दातांनी हसणारी बाई आणि ओठ मिटून बसलेला नवरा असा तो संसार वर्षानुवर्षं चालला होता.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी माझ्या कंपनीनं मला आयर्लंडला, लिमरिक नावाच्या गावी पाठवलं. माझी बायको शैला बरोबर होतीच. तिथं बस्तान बसतंय तोवर खुटबावहून फोन आला. मामींना काचबिंदू झाला होता. एक डोळा जवळजवळ गेलेलाच होता, दुसऱ्यानं नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधानं थोडं लांबेल, थांबणार नाही. मामांनी फोन हातात घेतला. मग म्हणाले, "पाव्हणं, ह्ये मला कसं न्हाई कळालं?" आयुष्यभर गारा, वीज, दरोडे आणि मोडके खांब यांच्यावर नजर ठेवून बसलेल्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच्याच ताटात भाकरी वाढता वाढता, संकट येऊन गेलं होतं.

शैलानं ठरवलं की आईला दिसतंय तोवर तिला इकडे आणायचं. मामींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. अटलांटिकच्या काठावर मोहर नावाच्या जागी सरळ पाण्यात उतरलेले प्रचंड कडे आहेत. तिथं वरून खाली बघितलं की लाटा दोऱ्यासारख्या दिसतात आणि कड्याच्या कपारींत पांढऱ्या पक्ष्यांची वस्ती असते, असं शैलानं फोनवर सांगितलं. मामी म्हणाल्या, "मला तेवढं दाव." मामा मागून म्हणाले, "इमान पडतं त्याचं काय?"

विमान पडलं नाही. मामा लिमरिकला उतरले ते सदरा, धोतर, त्यावर शैलानं पाठवलेला जाड कोट आणि डोक्यावर कानटोपी अशा वेषात, आणि मला बघताच म्हणाले, "अजून परत जायचं हाय."

पुढचे काही आठवडे मी सुट्टीच्या दिवशी त्या दोघांना आयर्लंड दाखवत होतो, आणि मामा मला आयर्लंडची अखेर दाखवत होते. कॅशेलला उंच खडकावर जुनं देवालय आहे आणि त्याच्या शेजारी एक गोल मनोरा. मामा त्याच्या सावलीतून बाजूला झाले. मी म्हटलं, "मामा, हा हजार वर्षं उभा आहे असं सांगतात." ते म्हणाले, "मग येळ जवळ आली." ब्लार्नीच्या किल्ल्यावर एक दगड आहे. कठड्यावर उताणं झोपून, डोकं खाली लोंबकळत ठेवून त्याचं चुंबन घेतलं की माणसाला बोलण्याची कला येते अशी समजूत आहे. रांगेतली एक म्हातारी गोरी बाई उताणी झाली तसे मामा पुढं सरसावले आणि तिथल्या माणसाच्या बरोबरीनं तिचे पाय धरून बसले. ती उठली, हसली, थँक यू म्हणाली. मामा तिच्याकडे डोळ्यांत पाणी आणून बघत मला म्हणाले, "हिच्या घरच्यांना ठावं तरी हाय का?" स्वतः मात्र त्यांनी दगडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोलायला येऊन उपयोग काय, ऐकतंय कोण, असं त्यांचं म्हणणं.

मेंढरांनी तर त्यांचा जीव मेटाकुटीला आणला. हिरव्यागार टेकड्यांवर, दगडी बांधांच्या आत, पाठीवर निळा रंग फासलेली मेंढरं पावसात निवांत उभी असायची आणि आसपास माणूस नसायचा. मामा गाडीची काच खाली करून ओले होत बघत राहायचे. "राखायला कुणीच न्हाई?" मी म्हणायचो, "इथे लांडगे नाहीत, मामा. कधीच संपले." "संपले म्हंजी दिसत न्हाईत." एकदा त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि बांधाजवळ जाऊन ते नुसते उभे राहिले. कोणीतरी येईपर्यंत थांबू म्हणाले. कोणी आलं नाही. मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अवो, चला. त्यांचं त्यांना कळतंय." त्या सगळ्या प्रवासात मामी काचेला नाक लावून बसायच्या आणि मान हळूहळू फिरवत एकेक गोष्ट त्या अरुंद नजरेत धरायच्या. बांध, गाय, चर्च, चर्चवरचा कावळा. "लई हिरवं हाय गं," असं शैलाला परत परत सांगायच्या. मामा तेव्हा दुसरीकडे बघायचे.

मोहरचे कडे आम्ही शेवटी ठेवले होते. हवामानाचा अंदाज बघून, त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी निघालो. सकाळी ऊन होतं. शैलानं आईला नवी साडी नेसवली होती, वर तिचा स्वतःचा कोट. मामा गाडीत काही बोलत नव्हते. मी धास्तावलो होतो, कारण ते बोलत होते तोवर काही होत नसे.

समुद्र जवळ आला तसं धुकं लागलं. गाडी लावून आम्ही पायवाटेनं वर गेलो तोवर समोर काही म्हणजे काही उरलं नव्हतं. कड्याच्या काठाला उभ्या फरश्यांची भिंत होती, तिच्यापलीकडे पिंजलेला कापूस. खालून कुठून तरी लाटांची घरघर येत होती. लोक येत होते, फोटो काढायला जात होते, कॅमेरे खाली करून परत जात होते. शैलानं दोनदा आईचा कोट सारखा केला आणि ती तोंड फिरवून रडायला लागली. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "निघूया का? पुन्हा कधीतरी येऊ." म्हणता म्हणता माझं मलाच कळलं की मी काय बोललो.

मामा म्हणाले, "थांबू. धुकं निघंल."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "आत्ता निघंल," ते म्हणाले. "वारं फिरलंय. तिकडं उजळाय लागलंय, बघा." तिकडे काही उजळत नव्हतं. मामा मामींचं मनगट धरून भिंतीपाशी उभे राहिले. कुठल्याही ठिकाणी पाच मिनिटांत "चला, झालं बघून" म्हणणारा माणूस तिथून हलेना. पाऊस आला. मी छत्री धरली, वाऱ्यानं ती उलटी केली. शैला म्हणाली, "आप्पा, आई गारठलीय." "जरा दम धर की. एवढ्या लांब आलोय." मामी म्हणाल्या, "अवो, ऱ्हाऊ द्या. आवाज ऐकला की." त्यावर मामा एकदम चिडले. "आवाज ऐकायला आलीस व्हय तू?" मग लगेच खाली वाकून त्यांनी मामींच्या पायावरचा साडीचा भिजलेला काठ पिळला. असा माणूस आशा करायला शिकतो तेव्हा तो किती वाईट दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. गाड्या लावायची जागा रिकामी झाली. एक माणूस येऊन, आता बंद करायचं आहे, असं हळू आवाजात सांगून गेला. मी मामांना मराठीत सांगितलं. ते "बरं" म्हणाले. परतीच्या वाटेवर, गाडीत, दुसऱ्या दिवशी विमानतळावर, कुठंही ते "मला ठावं होतं" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या दोन वर्षांत मामींना पूर्ण दिसेनासं झालं. आम्ही भारतात परत आल्यावर खुटबावला गेलो तेव्हा ओसरीवर शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि मामी खांबाला टेकून आयर्लंड सांगत होत्या. मनोऱ्याचं सांगितलं, मेंढरांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "आन् त्यो कडा. आरपार ऊन पडलेलं. खाली निळंशार पाणी, आन् पांढरी पाखरं अशी खालून वर यायची, पार तोंडापातुर." शैलानं माझ्याकडे पाहिलं. शैलानं फोनवर सांगितलेलं त्यांच्या मनात बसलं होतं, की त्या मुद्दाम तसं सांगत होत्या, मला आजही माहीत नाही.

बायकांपैकी एकीनं मामांना विचारलं, "व्हय का, आप्पा?"

सगळा जन्म ज्यानं एकही चांगली बातमी खोडून काढल्याशिवाय सोडली नव्हती, तो माणूस सुपारी कातरायचा थांबला. "व्हय," मामा म्हणाले. "लई पाखरं हुती."

"आन् तुमी काय काय बघितलं?"

"मी? मला कुठली सवड?" ते म्हणाले. "मी हिला धरून हुतो."

बायका हसल्या. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं होतं. मामींनी गार लागतंय म्हणून पदर ओढून घेतला, तसे मामा अडकित्ता ठेवून उठले आणि शाल आणायला आत गेले.